श्रमिकांची मुले आणि शाळेतील भूमिती



प्राथमिक शाळेतील मुलांना भूमिती कशी शिकवावी, हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी घ्यावा, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे प्रश्न समोर उभे असताना त्रिकोण-चौकोनांची चर्चा ही शिक्षकांच्या संघटनेची, किंवा फार तर शिक्षण खात्याची बाब मानली जाते. परंतु शिक्षण ही समतेच्या लढ्याची एक आघाडी आहे असे जी चळवळ म्हणते, तिने वर्गाच्या आत नेमके काय घडते याकडेही पाहिले पाहिजे. शाळा काढा, शाळा टिकवा, शिक्षक नेमा, या मागण्या चळवळीने सातत्याने केल्या आणि त्या योग्यच होत्या. मात्र शाळेत पोचलेल्या मुलाच्या पदरात तेथे काय पडते, हा प्रश्न बहुधा तज्ज्ञांवर सोपविला गेला. त्यामुळे श्रमिकाचे मूल शाळेत आले खरे, पण ज्ञानाच्या उंबरठ्यावरच अडून बसले. भूमिती हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

मोजणीतून जन्मलेले शास्त्र

भूमिती या शब्दाचा अर्थच मुळी जमिनीची मोजणी. ग्रीक भाषेतील मूळ शब्दाचाही अर्थ तोच आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तविषयी लिहिताना या शास्त्राच्या उगमाची हकिकत दिली आहे. राजाने प्रजेला जमिनीचे सारखे चौकोनी तुकडे वाटून दिले आणि त्यांवर वार्षिक सारा बसविला. नाईल नदीच्या पुरात कोणाच्या शेताचा काही भाग वाहून गेला की तो शेतकरी राजाकडे दाद मागे. मग राजाची माणसे येऊन किती जमीन गेली ते मोजत आणि त्या प्रमाणात सारा कमी केला जाई. या मोजणीतून भूमिती जन्मली व पुढे ग्रीसमध्ये गेली, असे हेरोडोटसचे म्हणणे आहे. शास्त्राच्या इतिहासात या हकिकतीचे वजन किती, हा विद्वानांच्या चर्चेचा विषय असेल. पण जमीन, सारा आणि शेतकऱ्याचे गाऱ्हाणे यांच्याशी भूमितीचे नाते किती जुने समजले जात होते, हे त्यावरून दिसते.

भारतात या शास्त्राचे जुने ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदीसाठी निरनिराळ्या आकारांचे पण ठरलेल्या क्षेत्रफळाचे विटांचे थर रचावे लागत. त्यासाठी दोरी आणि खुंट्या यांनी आखणी कशी करावी, हे या सूत्रांत सांगितले आहे. काटकोन चौकोनाच्या कर्णावरील चौरस हा त्याच्या लांबी व रुंदीवरील दोन चौरसांच्या बेरजेएवढा असतो, हा सिद्धान्त बौधायनाच्या शुल्बसूत्रात आढळतो. सूत्र लिहिणाऱ्याचे नाव परंपरेने जपले. वीट पाडणाऱ्याचे आणि दोरी ताणणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नाही. पुढेही सुतार, गवंडी, कुंभार, बुरूड, पाथरवट यांनी आकारांचे ज्ञान पिढ्यान् पिढ्या हातांतून हातांत दिले, पण त्याला विद्या म्हणून मान मिळाला नाही. ज्याच्या हाती कसब त्याच्या वाट्याला अक्षर येऊ द्यायचे नाही, आणि ज्याच्या वाट्याला अक्षर त्याने हात मळवायचे नाहीत, अशी विभागणी जातिव्यवस्थेने केली. तिच्यामुळे कारागिराचे नुकसान झाले, तसे शास्त्राचेही झाले.

महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह होता. त्या शिक्षणात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही त्यांनी सुचविले होते. कष्टकऱ्याच्या जीवनाशी शाळेने नाते जोडावे, ही त्यामागची दृष्टी होती. ते नाते अजूनही पुरते जोडले गेलेले नाही.

वर्गात काय घडते

आज अनेक वर्गांत भूमितीचा तास सुरू होतो तो व्याख्यांनी. बिंदूला लांबी, रुंदी, जाडी नसते. रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद असते. किरणाला एकच आरंभबिंदू असतो. आठ-नऊ वर्षांचे मूल ही वाक्ये फळ्यावरून वहीत उतरवून घेते आणि परीक्षेत परत करते. ज्याला लांबी, रुंदी, जाडी काहीच नाही अशी वस्तू त्याने कधी पाहिलेली नसते, आणि पाहणे शक्यही नसते. युक्लिडने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास आपला ग्रंथ या क्रमाने रचला, ते बरोबरच होते. पण तो ग्रंथ आधीच्या कित्येक पिढ्यांच्या मोजणीचा आणि विचाराचा परिपाक होता. जे प्रवासाच्या शेवटी हाती आले ते मुलाला पहिल्याच पावलाला दिले, तर त्याला ते पाठच करावे लागते.

एक शब्द उदाहरणादाखल घेण्यासारखा आहे. विटेच्या किंवा आगपेटीच्या आकाराला मराठी पाठ्यपुस्तकात ‘इष्टिकाचिती’ म्हणतात. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचना. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचे मूल दिवसभर याच आकाराच्या सहवासात वाढलेले असते. ओली वीट साच्यातून कशी सुटते, वाळायला कोणत्या अंगावर ठेवतात, रचताना सांधे का चुकवतात, हे त्याला ठाऊक असते. त्या वस्तूला सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ कोपरे आहेत हे त्याला एका मिनिटात मोजून सांगता येईल. पण ‘इष्टिकाचितीच्या कडा किती?’ असा प्रश्न आला की ते गप्प बसते. या शब्दात वीट आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आणि मग ‘या मुलांना गणित झेपत नाही’ असा शेरा त्याच्या माथी मारला जातो.

गुण्या या शब्दाची गोष्टही अशीच आहे. शाळेच्या कंपासपेटीत जे त्रिकोणी साधन असते त्याला गुण्या म्हणतात. गवंड्याच्या आणि सुताराच्या पिशवीत काटकोन तपासण्याचे जे साधन असते, त्यालाही गुण्याच म्हणतात. बापाच्या पिशवीतील गुण्या आणि मुलाच्या पेटीतील गुण्या यांची ओळख शाळेने करून दिली, तर भूमितीचा अर्धा धडा तेथेच होईल. बहुतेक ठिकाणी ती होत नाही. उलट कंपासपेटी आणली नाही म्हणून मुलाला उभे केले जाते.

येथे शिक्षकावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल. चार वर्गांना मिळून दोन शिक्षक, त्यांच्यावर माहिती भरण्याची आणि अहवाल पाठविण्याची न संपणारी कामे, आणि वर्षाअखेरीस अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, अशा स्थितीत व्याख्या लिहून देणे हाच त्याला सुटकेचा मार्ग वाटतो. पाठ्यपुस्तकेही पूर्वीपेक्षा सुधारली आहेत. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर तयार झालेल्या केंद्रीय परिषदेच्या चौथीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच पाठ विटांच्या रचनांवर होता. पुस्तक बदलले तरी तास बदलत नाही, याची कारणे शाळेच्या आर्थिक आणि प्रशासकीय स्थितीत आहेत. म्हणूनच हा प्रश्न राजकीय आहे.

मूल आकार कसा समजून घेते

मुलांच्या भूमितीविषयी विसाव्या शतकात जे संशोधन झाले, त्यात पिएर व्हान हीले आणि दीना व्हान हीले-गेल्डॉफ या डच शिक्षक दांपत्याचे काम महत्त्वाचे आहे. 1957 साली दोघांनी उत्रेख्त येथे आपले प्रबंध सादर केले. वर्गात शिकवताना त्यांना एक अनुभव वारंवार येत होता. शिक्षक आणि विद्यार्थी तोच शब्द उच्चारीत, पण त्यांच्या मनातील अर्थ निराळे असत. त्यातून त्यांनी भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार त्याच्या एकूण रूपावरून ओळखते. चौरस तो, जो चौरसासारखा दिसतो. दुसऱ्या पायरीवर ते गुणधर्म पाहू लागते. चारही बाजू सारख्या, चारही कोन काटकोन. तिसऱ्या पायरीवर गुणधर्मांचे परस्परसंबंध त्याच्या लक्षात येतात आणि प्रत्येक चौरस हा आयतही असतो, हे विधान त्याला पटते. तर्कशुद्ध सिद्धता ही त्याच्याही पुढची पायरी. मधली पायरी गाळून वर चढता येत नाही, आणि नुसते वय वाढल्याने पायरी चढली जात नाही. त्यासाठी योग्य अनुभव आणि योग्य शिकवणे लागते, हे या मांडणीचे सार आहे.

हे कोणत्याही वर्गात पडताळून पाहता येते. पुठ्ठ्याचा चौरस सरळ धरला तर मुले ‘चौरस’ म्हणतात. तोच तिरका करून एका टोकावर उभा धरला की ‘बर्फी’ किंवा ‘शंकरपाळी’ म्हणतात. कोन दाखविला तर ज्याच्या भुजा लांब काढल्या असतील तो कोन मोठा असे सांगतात. या उत्तरांना चूक म्हणून खोडणे सोपे आहे. पण ती पहिल्या पायरीवरची प्रामाणिक उत्तरे आहेत. पुठ्ठा मुलाच्याच हाती देऊन तो फिरवायला लावला, बाजू व कोन पुन्हा तपासायला लावले, की दुसऱ्या पायरीकडचे पाऊल ते आपणच टाकते.

कागद, दोरी, काड्या

मग शिकवावे कसे? पहिली गोष्ट म्हणजे क्रम उलटा करावा. मुलाचा पहिला परिचय वस्तूंशी असतो: चेंडू, डबा, वीट, आगपेटी, भोवरा. त्या हाताळाव्यात, कोणती घरंगळते आणि कोणती घसरते ते पाहावे. मग आगपेटी कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवावी, की घन वस्तूपासून सपाट आकार मिळतो. आकाराची कड म्हणजे रेषा, आणि दोन कडा जेथे मिळतात तो बिंदू. अशा रीतीने बिंदू शेवटी येतो, आणि तो आला की त्याचा अर्थ कळतो.

दुसरे साधन कागदाची घडी. कसाही फाटलेला कागदाचा तुकडा घेऊन दुमडला की सरळ रेषा मिळते. पट्टीची गरज पडत नाही. तीच घडी स्वतःवर बरोबर बसेल अशी पुन्हा दुमडली की काटकोन मिळतो. हा कागदी गुण्या हाती घेऊन मुलांनी वर्गातील फळा, खिडकी, पाटी, दार, वहीचा कोपरा तपासावा. लहान तो लघुकोन, मोठा तो विशालकोन, हे मग सांगण्यापुरतेच उरते. ही पद्धत परदेशातून आलेली नाही. मद्रास इलाख्यातील सरकारी अधिकारी टी. सुंदर राव यांनी केवळ कागदाच्या घड्यांनी भूमिती मांडणारे पुस्तक 1893 साली मद्रास येथे प्रसिद्ध केले. फेलिक्स क्लाइन या थोर जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि 1901 साली त्याची अमेरिकेत आवृत्ती निघाली. जे पुस्तक शिकागोत छापले गेले, त्यातील पहिली घडी आपल्या खेड्यातील मुलाच्या हाती अजून पोचायची आहे.

तिसरे साधन काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांत जो विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, त्यात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि नळीचे तुकडे जोडून आकार बनविण्याची युक्ती रुजविली. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी मोडत नाही. चार काड्यांचा चौरस बोटाने ढकलताच कलंडतो. त्याला एक आडवी काडी कर्णासारखी लावली की तो ताठ होतो. एवढे कळले की मूल छपराची कैची, सायकलीचा सांगाडा, विजेच्या तारांचा मनोरा यांत त्रिकोण शोधू लागते. तो प्रयोग राज्य सरकारने 2002 साली बंद केला. शिक्षणातील चांगले काम केवळ गुणवत्तेच्या बळावर टिकत नाही, त्यामागे लोकांचे पाठबळ उभे करावे लागते, हा धडा कार्यकर्त्यांनी त्यातून घ्यावा.

चौथे साधन दोरी आणि मैदान. एका मुलाने खुंटीपाशी दोरीचे टोक धरावे, दुसऱ्याने दोरी ताणून फिरावे, आणि जमिनीवर जी रेघ उमटते तिच्यावर सर्वांनी उभे राहावे. वर्तुळावरील प्रत्येक जण केंद्रापासून सारख्या अंतरावर आहे, ही व्याख्या सेवा दलाच्या शाखेत मंडल करून खेळणाऱ्या मुलाला वेगळी शिकवावी लागत नाही. घराचा पाया आखताना गवंडी एका बाजूवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट खूण करतो, व तिरके अंतर 5 फूट भरले तरच कोपरा काटकोनात आहे असे मानतो. बौधायनाचा सिद्धान्त तो रोज वापरतो. अशा गवंड्याला वर्गात पाहुणा म्हणून बोलवावे, त्याला खुर्ची द्यावी, आणि मुलांसमोर आखणी करून दाखवायला सांगावे. ज्या मुलाचा तो बाप किंवा काका असेल, त्या मुलाची त्या दिवशी ताठ झालेली मान पुढे वर्षभर त्याला गणिताच्या तासाला उपयोगी पडेल.

मुलींच्या हातातील भूमितीचीही अशीच उपेक्षा झाली आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी ओळी मोजते, अंतर सारखे ठेवते, मध्यापासून चारही दिशांना आकृती सारखी फिरवते. गोधडी शिवणारी आजी चिंध्यांतून त्रिकोण व चौरस अशा बेताने जुळविते की मध्ये फट राहत नाही. शाळेच्या दारात रोज काढली जाणारी ही भूमिती शाळेच्या आत भूमिती म्हणून ओळखली जात नाही.

हातावर विश्वास ठेवणाऱ्यांची परंपरा

लहान मुलाने हाताने शिकावे, या विचाराला राजकीय इतिहास आहे. जर्मनीत फ्रोबेलने 1840 साली आपल्या संस्थेला बालोद्यान हे नाव दिले. चेंडू, घन, वृत्तचिती, लाकडी ठोकळे ही त्याची शैक्षणिक साधने. 1851 साली प्रशियाच्या सरकारने नास्तिक व समाजवादी विचार पसरविण्याच्या आरोपावरून बालोद्यानांवर बंदी घातली, आणि ती 1860 पर्यंत उठली नाही. ठोकळ्यांशी खेळणाऱ्या मुलांची सत्ताधाऱ्यांना वाटलेली ही भीती हास्यास्पद दिसते. तथापि, स्वतः पाहून, स्वतः जुळवून निष्कर्ष काढायला शिकलेले मूल उद्या आज्ञाधारक प्रजाजन होईलच असे नाही, एवढे त्या सरकारला नेमके कळले होते.

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधील सान लोरेंझो या कामगारवस्तीत आपले पहिले बालगृह काढले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी काम केले. महागड्या परदेशी साधनांऐवजी तेथील माती, बिया, शिंपले, पाने हीच साधने त्यांनी केली. ज्या वारली समाजाची ही मुले होती, त्याच्या भिंतीवरील चित्रांत माणसाचे धड टोकाला टोक जुळविलेल्या दोन त्रिकोणांचे असते. आकारांची जाण त्या घरांत होतीच. तिला मान देणारी शाळा ताराबाई आणि अनुताईंनी त्यांच्या दारी नेली.

मोझांबिक हा देश 1975 साली पोर्तुगीज वसाहतवादातून मुक्त झाला. तेथे पाउलुस गेर्डेस या गणितज्ञाने शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या कामातील भूमितीचा अभ्यास केला. आयताकृती घराचा पाया आखण्याची तेथील एक रीत त्यांनी नोंदविली आहे. सारख्या लांबीच्या दोन दोऱ्या मध्यावर एकमेकींना बांधतात. घराच्या रुंदीएवढा बांबू जमिनीवर ठेवून त्याच्या दोन टोकांशी खुंट्या ठोकतात, प्रत्येक दोरीचे एकेक टोक त्यांना बांधतात, आणि उरलेली टोके ताणून धरली की आयताचे दुसरे दोन कोपरे मिळतात. ज्या चौकोनाचे कर्ण समान असून एकमेकांना दुभागतात तो आयत असतो, हा सिद्धान्त त्या रीतीत दडलेला आहे. तुमच्या बापजाद्यांना गणित येत नव्हते, असे वसाहतवाद्यांनी ज्यांना शिकविले, त्यांच्या मुलांना गेर्डेस यांनी हा सिद्धान्त त्यांच्याच अंगणात दाखविला.

समान वाटपाला मोजता आले पाहिजे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भूमिती न येण्याची किंमत कोण मोजते?

पाचव्या शतकातील ग्रीक भाष्यकार प्रोक्लस याने एक मार्मिक नोंद केली आहे. जमीन सामाईक ठेवून वाटून घेणाऱ्या समूहांतील काही लबाड माणसे सोबत्यांना जास्त परिमितीचा तुकडा देत आणि स्वतः कमी परिमितीचा घेत. वरवर पाहता ती उदार ठरत. प्रत्यक्षात क्षेत्रफळ त्यांच्याच तुकड्याचे जास्त असे आणि पीकही त्यांनाच जास्त येई. समतेवर उभारलेल्या समूहात भूमितीच्या अज्ञानातून विषमता कशी शिरते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

हे आपल्या मापांत पाहावे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. सातबारावर आता हेक्टर आणि आर असतात, पण गावाच्या बोलण्यात गुंठाच आहे. 33 फुटांची साखळी घेऊन 6 साखळ्या लांब व 6 साखळ्या रुंद शेत मोजले तर ते 36 गुंठे भरते; भोवती चालावे तर 24 साखळ्या अंतर पडते. 10 साखळ्या लांब आणि 2 रुंद पट्टी घेतली तरी भोवतीचे अंतर 24 साखळ्याच, पण जमीन 20 गुंठे. 11 लांब आणि 1 रुंद पट्टी घेतली तरी पुन्हा 24 साखळ्या, आणि जमीन 11 गुंठे. बांधावरून फेरी मारून शेताचा अंदाज करणाऱ्याला तिन्ही तुकडे सारखेच वाटतील. चौथीच्या मुलाला हे शिकवायला शेतही लागत नाही. 12 चौकोनी तुकडे द्यावेत आणि त्यांचे निरनिराळे आयत करायला सांगावे. 12 आणि 1, 6 आणि 2, 4 आणि 3, असे तीन आयत होतात. तुकडे प्रत्येकात 12, पण परिमिती अनुक्रमे 26, 16 आणि 14. परिमिती आणि क्षेत्रफळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याच्या हाताला कळले तो वाटणीच्या वेळी फसणार नाही.

घनफळाचेही तेच. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या आणि माती खोदण्याच्या कामांवर होती. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला. या कामांवर मजुरी ठरे ती खोदलेल्या मातीच्या मोजमापावरून. खडी, वाळू, मुरूम यांचे चालू माप ब्रास, म्हणजे 100 घनफूट. 5 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 4 फूट खोल खड्ड्यातून एक ब्रास माती निघते. तिन्ही मापे दुप्पट केली तर किती निघेल? सहज उत्तर येते, दोन ब्रास. खरे उत्तर आठ ब्रास आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो आठ खड्ड्यांचे श्रम दोन खड्ड्यांच्या मजुरीत देऊन बसेल, आणि मोजमापाच्या वहीवर अंगठाही उठवील. लहान ठोकळ्यांचा घन रचून त्याच्या दुप्पट बाजूचा घन करायला आठ ठोकळे लागतात, हे सात वर्षांचे मूल खेळता खेळता पाहू शकते. मोर्चाने मजुरीचा दर वाढवून मिळतो. वाढलेला दर योग्य मापावर लागू होतो की नाही, हे तपासणारा मजूर शाळेने घडवायचा असतो.

दोन आक्षेप

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. गवंड्याच्या मुलाला विटांतून आणि बुरडाच्या मुलाला टोपल्यांतून गणित शिकवायचे म्हणजे त्यांना पुन्हा बापाच्याच धंद्याशी जखडणे नव्हे काय? 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींची नई तालीम मांडली गेली, तेव्हाही ही शंका घेतली गेली होती. जातीने ज्यांना हातकामाला बांधून ठेवले त्यांच्या वारसांनी ती घेणे न्याय्य आहे. तिचे उत्तर असे की वीट हे प्रवेशद्वार आहे, मुक्काम नव्हे. वर्गात विटेपासून सुरुवात करून इष्टिकाचितीपर्यंत, तेथून सूत्रापर्यंत आणि सूत्रापासून सिद्धतेपर्यंत जायचेच आहे. ‘बिंदूला लांबी, रुंदी, जाडी नसते’ हे वाक्यही एक दिवस मुलाने अर्थासह म्हटले पाहिजे. हाताच्या कामापाशीच जी शाळा थांबेल ती श्रमिकाच्या मुलाची फसवणूक करील. शिवाय वीट आणि दोरी ही वकिलाच्या आणि डॉक्टरांच्या मुलांच्याही हाती दिली गेली पाहिजेत. केवळ गरिबांसाठी वेगळे हातकामाचे गणित काढणे हा नवा वर्णभेदच ठरेल.

दुसरा आक्षेप वेळेचा. घड्या घालीत आणि काड्या जोडीत बसले तर अभ्यासक्रम कधी संपायचा? व्याख्या पाठ करून संपविलेला अभ्यासक्रम पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो, हा सर्व शिक्षकांचा अनुभव आहे. एका तासात कागदी गुण्या करून शंभर कोन तपासलेल्या मुलाला काटकोन दुसऱ्यांदा शिकवावा लागत नाही.

‘का?’ विचारणारा नागरिक

भूमितीचे आणखी एक देणे आहे, आणि लोकशाहीच्या दृष्टीने ते सर्वांत मोठे आहे. वर्गातील चाळीस मुलांनी कागदाचे चाळीस त्रिकोण कापावेत. कोणाचा लांबट, कोणाचा बुटका, कोणाचा तिरपा. प्रत्येकाने आपल्या त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एकमेकांशेजारी जुळवावेत. चाळीसही वेळा सरळ रेषा तयार होते. मुले चकित होतात आणि कोणीतरी विचारते, ‘असे का होते?’ येथे शिक्षकाने उत्तराची घाई करू नये. ‘कोणाचा त्रिकोण असा नाही का?’ असे विचारावे आणि अपवाद शोधायला लावावे. अपवाद सापडत नाही. मग तो कधीच सापडणार नाही असे म्हणता येईल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि माध्यमिक शाळेतील सिद्धतेची खरी पूर्वतयारी तो प्रश्न करतो.

सिद्धतेपुढे शिक्षक आणि विद्यार्थी, श्रीमंत आणि गरीब, उच्चवर्णीय आणि दलित यांत भेद राहत नाही. विधान खरे ठरते ते युक्तिवादामुळे; बोलणाऱ्याच्या अधिकारामुळे नव्हे. धर्मग्रंथात आहे म्हणून, पुढारी म्हणतो म्हणून, पडद्यावर दिसले म्हणून मान्य करण्याची सवय समाजात वाढत असताना, दहा वर्षांच्या मुलाला ‘दाखवा, मग मानतो’ असे म्हणायला शिकविणारा हा तास मोलाचा आहे. भूमितीचा सोपा मार्ग विचारणाऱ्या राजाला युक्लिडने या शास्त्राला राजमार्ग नाही असे ऐकविल्याची आख्यायिका प्रोक्लसनेच सांगितली आहे. राजालाही जेथे सवलत नाही, तेथे श्रमिकाच्या मुलाला मज्जाव करण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांनी कृतीतून, शोधातून आणि अन्वेषणातून शिकावे असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. या दोन्ही तरतुदींची अंमलबजावणी मागणे हे प्रत्येक शाखेचे काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत जे साथी पालक म्हणून आहेत त्यांनी इमारतीच्या रंगाबरोबर गणिताच्या तासाचीही चौकशी करावी: मुलांच्या हाती काय दिले जाते? गेल्या महिन्यात त्यांनी काय मोजले? शिक्षकांच्या प्रशिक्षणात घडी, दोरी आणि काड्या आहेत की नुसती भाषणे?

मागणीबरोबर काही विधायक कामही उभे राहू शकते. शनिवारी दोन तास, शाळेच्या ओसरीवर किंवा वस्तीच्या समाजमंदिरात, रद्दी कागद, सुतळी, आगकाड्या आणि सायकलच्या दुकानातून आणलेली नळी एवढ्या सामग्रीवर हा वर्ग चालतो. त्यात गावातील गवंडी, सुतार, बुरूड, रांगोळी काढणाऱ्या मुली आणि गोधडी शिवणाऱ्या आज्या या शिक्षक होतील. अट एकच आहे. मुलाने बनविलेल्या प्रत्येक आकाराला त्याचे शास्त्रीय नाव मिळाले पाहिजे, आणि प्रत्येक नावामागे ‘का?’ हा प्रश्न आला पाहिजे.

जमिनीचे, मजुरीचे आणि ज्ञानाचे समान वाटप हे समाजवाद्यांचे ध्येय आहे. वाटप समान झाले की नाही हे ज्याचे त्याला मोजता आले पाहिजे. ती मोजणी तिसरी-चौथीच्या वर्गातच सुरू होते, आणि त्या वर्गाकडे पाठ फिरविणे चळवळीला परवडणारे नाही.